घरकामाचा हिशेब

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि १९३२ साली शहरात मुलींसाठी सेंट्रल कॉलेज फॉर विमेन सुरू झाले. पुढे लेडी अमृतबाई डागा यांचे नाव मिळालेले हे कॉलेज गावाला 'एलएडी' म्हणूनच माहीत आहे. नागपुरात गृहविज्ञानाची पदवी म्हटले की आधी हेच नाव निघते. आहार, वस्त्रशास्त्र, बालविकास, गृहव्यवस्थापन असा भक्कम अभ्यासक्रम. तरी 'स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?' हा टोमणा या मुलींनी पिढ्यान् पिढ्या ऐकला.

खरे तर त्यांच्या हातात अर्थशास्त्रच होते. उत्पन्न वाढले की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हा एर्न्स्ट एंगेल यांचा १८५७ सालचा नियम. घरखर्चाचे अंदाजपत्रक मांडणारी मुलगी तो वहीत पडताळून पाहत होती. २०२३-२४च्या सरकारी पाहणीतही ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के, तर शहरी कुटुंबांत ४० टक्क्यांच्या जवळ आहे.

मात्र त्या वहीत पैशाला रकाना होता, बाईच्या वेळेला नव्हता. ही उणीव मला मोठी वाटते. अमेरिकेत मार्गारेट रीड यांनी १९३४ सालीच कसोटी दिली होती: जे काम मोल देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते, ते उत्पादनच. धंतोलीतल्या एखाद्या मेसचा डबा राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. तीच पोळीभाजी आईने केली की धरली जात नाही. कुटुंबाच्या वेळेचा अर्थशास्त्रीय सिद्धांत गॅरी बेकर यांनी १९६५ साली मांडला आणि १९९२ साली त्यांना नोबेल मिळाले. रीड यांचे नाव मात्र अर्थशास्त्राच्या वर्गातही क्वचितच ऐकू येते.

आपल्याकडे देशभराची पहिली वेळ-वापर पाहणी व्हायला २०१९ साल उजाडले. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष तेव्हा चारांत जेमतेम एक निघाले. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा त्या कामातला रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे, पुरुषाचा ८८.

न्यायालये इथे विद्यापीठांच्या पुढे गेली. अपघाती मृत्यूच्या भरपाईत गृहिणीचे मानीव उत्पन्न धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले. पण तिच्या श्रमाचा आकडा कागदावर यायला ती जावी लागते, याची चीड येते. २०२४ पासून राज्य सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेचे महिना १,५०० रुपये पात्र बायकांच्या खात्यात येऊ लागले. अडल्यानडल्या घराला त्यांचा आधार आहेच, पण ती मदत आहे, कामाचे मोल नव्हे.

दरम्यान २०१६च्या विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या आणि गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा संपली. विषय उरला, तोही बहुतांशी मुलींचाच. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची सोय आहे. नागपूर विद्यापीठाला ज्या तुकडोजी महाराजांचे नाव आहे, त्यांच्या ग्रामगीतेत 'महिलोन्नती' हा स्वतंत्र अध्याय आहे. त्या नावाला जागून विद्यापीठाने अभियांत्रिकी, वाणिज्य, विज्ञान अशा प्रत्येक शाखेतल्या मुलांसाठी पहिल्याच वर्षी गृहअर्थशास्त्राचा एक विषय ठेवावा, आणि त्यात घरकामाच्या तासांचा हिशेब मुलग्यांकडून लिहून घ्यावा.