करवतकांठी कापड व व्यापाऱ्यांचें कर्तव्य

भंडारा जिल्ह्यांत मोहाडी, आंधळगांव, पवनी येथील कोष्टी मंडळींच्या हातमागांवर टसराची करवतकांठी साडी निघत आली आहे. तिच्या कांठाचे करवतीसारखे दाते तीन धोट्यांनीं, कांठाचें व अंगाचें सूत एकमेकांत गुंतवीत विणावे लागतात. काम संथ, मजुरी तुटपुंजी. मग विणकराच्या मुलानें वडिलांच्या मागावर कां बसावें? देशाच्या हातमाग-गणनेंत विणकर व त्यांचे मदतनीस २००९-१० मध्यें ४३.३१ लाख भरले होते, ते २०१९-२० मध्यें ३५.२२ लाखांवर आले.

याचा दोष एकट्या यंत्रास देऊन आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. हातमागासाठीं कांहीं वाणें राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीं झाला. पण यंत्रमागाचें कापड हातमागाचें म्हणून विकणारा हात दुकानदाराचा, आणि न विचारतां घेणारा गिऱ्हाइकाचा. यंत्राचा माल विकणें पाप नव्हे. खोट्या नांवानें विकणें ही मात्र चोरी आहे, आणि ती विणकराच्या ताटांतली आहे. व्यापाऱ्यांनीं दोन्ही माल वेगळे मांडावे. गिऱ्हाइकांनीं २००६ सालीं सुरू झालेली हातमागाची खूण मागावी. कलेची स्तुति पुष्कळ झाली. आतां विणकरास पुरी मजुरी पोहोंचूं द्या!