इथेनॉलचे लक्ष्य गाठले. पाण्याचा हिशेब बाकी

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ धोरणात त्यासाठी २०३० ची मुदत होती. २०२२ मध्ये दुरुस्ती करून ती अलीकडे आणली गेली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. खनिज तेलासाठी आयातीवर विसंबणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही कामगिरी मोठीच आहे. तथापि टक्केवारी वाढल्याचे दिसते. ती कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या श्रमावर वाढली, ते त्या आकड्यात दिसत नाही.

सरकारला पाण्याचा प्रश्न ठाऊक नाही, असे नव्हे. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, त्याच जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि उसाचे मळेही. तिथल्या शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. खात्रीची खरेदी ज्या पिकाला, तेच पीक तो घेणार.

उसाला पर्याय म्हणून धान्य पुढे आले, तेव्हा प्रश्नाचे केवळ रूप बदलले. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाच्या तांदळाची इथेनॉलसाठीची विक्री थांबवावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या चिंतेने उसाच्या रसावर निर्बंध आले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. दरम्यान मक्याची मागणी इतकी वाढली, की मक्याची निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये आयातदार बनला आणि कुक्कुटपालक खाद्याच्या दराने हवालदिल झाले. पानिपतचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. दिशा योग्य; परंतु त्याची क्षमता वर्षाला ३ कोटी लिटर आणि देशाची गरज हजार कोटी लिटरच्या घरात.

राहिला माणसांचा प्रश्न. मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून निघणारे नवरा-बायकोचे जोडपे हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून धरले जाते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळात गाजला. त्या उसाचा रस इंधन म्हणून ‘हरित’ ठरतो. तोडणाऱ्यांच्या वाट्याला त्या हिरवाईतले काय येते?

यावर उपाय नाही असे नाही. जंगल तोडून घेतलेल्या पिकापासूनचे जैवइंधन लक्ष्यात धरायचे नाही, असा नियम युरोपीय संघाने २००९ मध्येच केला. आपल्याकडे तर साधन हाताशीच आहे. तेल कंपन्या सगळे इथेनॉल एकाच दराने घेत नाहीत. २०२४-२५ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे, तर मक्यापासूनच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे दर होता. कच्च्या मालानुसार दर ठरू शकतो, तर ठिबकवरच्या उसाला आणि तोडणी कामगारांची नोंदणी व विमा करणाऱ्या कारखान्याला काही पैसे अधिक का मिळू नयेत? तुटीच्या खोऱ्यांतील नव्या उसाला ते का नाकारू नयेत?

आता २० टक्क्यांपुढे जाण्याची चर्चा सुरू आहे. पुढचा आकडा जाहीर करण्यापूर्वी या अटी खरेदी करारात लिहिल्या गेल्या पाहिजेत. कारखाने एकदा उभे राहिले, की त्यांना पोसण्याची निकड अटींवर मात करते, हा साखर उद्योगाचा जुना अनुभव आहे.