टेबलाजवळची खुर्ची

शिक्षकाचा पगार ठरताना शिक्षक समोर बसलेला असावा, की त्यानं निवेदन देऊन निकालाची वाट पाहावी? ब्रिटनच्या एकाच बेटावर या प्रश्नाची दोन उत्तरं शेजारीशेजारी नांदतात.

इंग्लंडमध्ये एके काळी प्रत्येक स्थानिक संस्था आपापला पगार ठरवत असे. काम तेच, पण परगणा बदलला की पगार वेगळा. १९१४ मध्ये हेरफर्डशरच्या शिक्षकांनी याच दुखण्यापायी संप केला. पुढे युद्धानं महागाई भडकली आणि १९१९ मध्ये शिक्षणमंत्री फिशर यांच्या पुढाकारानं लॉर्ड बर्नहॅम यांची समिती बसली. एकीकडे स्थानिक संस्था, दुसरीकडे शिक्षक संघटना. १९४४ च्या कायद्यानं तिथं ठरलेली वेतनश्रेणी सर्वांना बंधनकारक झाली.

वाटाघाटीचं हे टेबल सर्वांशी सारखं वागलं नाही. त्याच श्रेणीत शिक्षिकांचा पगार पुरुषांपेक्षा कमी लिहिलेला होता. समान वेतनासाठी शिक्षिकांनी वेगळी संघटना काढली. त्याला विरोध करणारी पुरुष शिक्षकांची संघटनाही होती! पूर्ण समानता यायला १९६१ उजाडलं. संघटना म्हटलं की सगळे एकदिलानं उभे असतात, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या दीर्घ आंदोलनानंतर १९८७ मध्ये शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांनी बर्नहॅम समितीच मोडीत काढली. कामाचे वर्षाला १,२६५ तासही सरकारनंच ठरवून दिले. १९९१ मध्ये वेतन पुनरावलोकन मंडळ आलं. संघटना बाजू मांडतात, मंडळ शिफारस करतं, निर्णय मंत्र्यांचा. आपल्याला ही रीत वेतन आयोगामुळे ओळखीची आहे. सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, तरी महाराष्ट्रात वाढीव पगार मिळू लागला तो २०१९ मध्ये.

स्कॉटलंडनं मात्र २००१ मध्ये संघटना, स्थानिक संस्था आणि सरकार अशी तिघांची वाटाघाट समिती उभी केली. म्हणून तिथं संप टळले असं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये शाळा बंद पडल्याच. पण मार्च २०२३ मध्ये २८ महिन्यांसाठी एकूण १४.६ टक्के वाढीचा करार झाला, तो संघटनेनं सभासदांचं मत घेऊन स्वीकारला. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही शिक्षकांचा संप झाला; तो जुलैपर्यंत लांबला आणि मंडळानं सुचवलेली ६.५ टक्के वाढ सरकारनं मान्य केल्यावर मिटला.