वार्धक्यातील विस्मरण आणि स्मृतिभ्रंश : एक भेदविचार

वाढत्या वयातील विसरभोळेपणाकडे मराठी समाज बहुधा थट्टेने पाहतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द यांच्या आडोशाला एखाद्या आजाराची प्रारंभिक लक्षणे कित्येक वर्षे घरातच राहतात. याउलट, चष्मा कोठे ठेवला हे न आठवल्याने एखादा निरोगी निवृत्त गृहस्थ अल्झायमरच्या धास्तीने हवालदिल होतो. या दोन्ही चुका टाळण्यासाठी सामान्य विस्मरण आणि स्मृतिभ्रंश यांतील भेद ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील दैनंदिन जीवनाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात मांडला आहे.

'डिमेन्शिया'साठी मराठीत रूढ झालेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द अर्धाच खरा आहे. या विकारात स्मृतीबरोबरच भाषा, निर्णयशक्ती, दिशाज्ञान आणि वर्तन यांचाही ऱ्हास होतो; काही प्रकारांत तर आरंभी स्मृती बरीचशी शाबूत राहून स्वभावच पालटतो. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे तपासलेल्या ५१ वर्षीय ऑगस्ट डेटर यांच्या बाबतीत घरच्यांना प्रथम जाणवला तो विसराळूपणा नव्हे, तर पतीविषयीचा अकारण संशय. संज्ञेच्या प्रभावामुळे कुटुंबीय मात्र विसरलेल्या गोष्टीच मोजत बसतात.

वार्धक्यात माहिती आठवण्याची गती मंदावते. नाव जिभेवर येते, पण ओठांवर येत नाही. थोडा संकेत मिळताच ते आठवते. अल्झायमरमध्ये नवीन प्रसंगाची नोंदच मेंदूत नीट होत नाही, त्यामुळे संकेतही फारसा उपयोगी पडत नाही. लग्नात भेटलेल्या व्याह्यांचे नाव विसरणे वेगळे आणि आपण परवा त्या लग्नाला गेलो होतो हेच विसरणे वेगळे.

कल्याणला लोहमार्ग दुभंगतो. घाईत कर्जतऐवजी कसारा लोकलमध्ये बसलेला मनुष्य शहाड स्थानक दिसताच चूक ओळखतो, उतरतो आणि परत फिरतो. त्याच्याकडून चूक झाली. तथापि ती ओळखण्याची व दुरुस्त करण्याची क्षमता शाबूत आहे. परंतु ३० वर्षे डोंबिवलीहून नोकरीसाठी ये-जा केलेल्या व्यक्तीला त्याच स्थानकात पूर्वेकडचा जिना कोणता हे उमगेनासे झाले, तर ती बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

२०१३ च्या 'डीएसएम-५' या निदानसंहितेतही भर आहे तो दैनंदिन जीवनातील स्वावलंबनावर. बिले भरणे, औषधे वेळेवर घेणे, बँकेचे व्यवहार पाहणे ही कामे पूर्वीसारखी जमतात का, हा मुख्य प्रश्न होय. तुलना शेजाऱ्याशी नव्हे, तर त्याच व्यक्तीच्या पूर्वायुष्याशी करावयाची असते. या दोहोंच्या मध्ये सौम्य बोधात्मक ऱ्हासाची अवस्था असते. तीतील प्रत्येकाला पुढे स्मृतिभ्रंश होतोच असे नाही.

अध्यापकवर्गाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड ठरतो. दीर्घ शिक्षणाने मिळालेली बौद्धिक शिल्लक लक्षणे दीर्घकाळ झाकून ठेवते. ३० गुणांच्या प्राथमिक चाचणीत उत्तम गुण मिळवणारा विद्वान घरचा हिशेब मात्र सांभाळू शकत नाही, असे घडू शकते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी अशाच एका निवृत्त संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. पुष्कळदा जोडीदारही उणिवा नकळत भरून काढतो. मग इमारत पुनर्विकासाला जाते, कुटुंब भाड्याच्या घरात राहावयास येते आणि सवयीचा आधार सुटताच झाकलेले सारे उघडे पडते. घरच्यांना वाटते, घर बदलल्यामुळेच हे झाले.

स्वतःच्या विसरण्याची तक्रार वारंवार करणाऱ्यापेक्षा 'मला काही झालेले नाही' म्हणणारा, परंतु ज्याच्याविषयी घरचे चिंतित आहेत, असा ज्येष्ठ अनेकदा अधिक काळजीचा विषय असतो. म्हणून तपासणीच्या वेळी सोबत राहणाऱ्याचे निवेदन आवश्यक ठरते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. तथापि विस्मरणाचे प्रत्येक प्रकरण या संख्येत मोडत नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर मेंदूभोवती साचलेले रक्त ही कारणे उपचारसाध्य आहेत. ऐकू कमी येणाऱ्याच्या कानी न पडलेली गोष्ट 'विसरला' म्हणून नोंदली जाते, हेही लक्षात घ्यावे. एक-दोन दिवसांत अचानक उद्भवलेला गोंधळ हा बहुधा जंतुसंसर्ग किंवा अन्य तीव्र आजाराचा परिणाम असतो. अशा वेळी रुग्णालय त्वरित गाठावे.

वेळीच झालेल्या निदानाचा आणखी एक उपयोग आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार 'मानसिक आजार' या संज्ञेत स्मृतीच्या गंभीर विकाराचाही अंतर्भाव होतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण असावा, हे आगाऊ निर्देशाद्वारे लिहून ठेवण्याचा अधिकार हा कायदा देतो; मात्र तो निर्देश निर्णयक्षमता शाबूत असतानाच द्यावा लागतो.