झुरक्याचा जमाखर्च

तंबाखूच्या झाडाला पाय नाहीत. अळी आली तर ते पळणार कुठे? म्हणून ते मुळांमध्ये एक विष तयार करतं, खोडातून वर पाठवतं आणि पानापानात साठवून ठेवतं. अळीने पान कुरतडलं की मुळांना खबर लागते आणि विषाचं उत्पादन वाढतं! किड्यांची मज्जासंस्था ठप्प करणारं हे रसायन म्हणजे निकोटिन. तेच आपण पैसे मोजून विकत घेतो, पेटवतो आणि वर म्हणतो, "हां, आता जरा बरं वाटलं."

बरं वाटतं हे खोटं नाही, आणि नवल तिथूनच सुरू होतं. आपल्या मेंदूतल्या पेशी ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या मदतीने एकमेकींशी बोलतात. निकोटिनची घडण त्याच्याशी इतकी जुळते की पेशी चक्क फसतात. झुरका घेतल्यावर 10 ते 20 सेकंदांत ते मेंदूत हजर! डोपामिन पाझरतं, लक्ष एकवटतं, भूक मंदावते, आतडीसुद्धा जागी होतात. 'सकाळची बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही' म्हणणारे आजोबा अगदीच थापा मारत नव्हते तर!

मग सिगारेटने टेन्शन उतरतं, हेही खरंच म्हणायचं का? थांबा. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. दरम्यान सवय लागलेल्या मेंदूने निकोटिन टिपणाऱ्या जागा वाढवून ठेवलेल्या असतात. त्या रिकाम्या पडल्या की चिडचिड सुरू, हात खिशाकडे. पुढची सिगारेट जी बेचैनी शमवते, ती मागच्या सिगारेटनेच पाठवलेली असते. सावकाराने आपलेच पैसे आपल्याला व्याजाने द्यावेत आणि आपण त्याचे आभार मानावेत, तसा हा व्यवहार. 2014 मध्ये 26 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि उदासी ओढत राहिलेल्यांपेक्षा जास्त कमी झालेली आढळली.

चहासोबतच्या सिगारेटचीही अशीच एक गंमत आहे. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफीनचा फडशा लवकर पाडतं. म्हणजे चहाची तरतरी टिकू न देणारी सिगारेटच त्याची जोडीदारीण म्हणून मिरवते!

पण थोडा खरा फायदा कुठेतरी असेलच ना? डॉक्टरांनीही हे कोडं मनावर घेतलं आहे. 1982 मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांना दिसलं, की अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कमी आढळतो. आणि त्याच्याच भावकीतला क्रोन्स हा आजार? तो धूम्रपानाने आणखी बिघडतो. आतडी तीच, धूर तोच, न्याय उलटा!

पार्किन्सन्सही धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कमी दिसतो. मग निकोटिनलाच औषध बनवलं तर? सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना वर्षभर निकोटिनचे पॅच लावून पाहिले. 2023 मध्ये निकाल आला: आजाराचा वेग जराही मंदावला नाही. कदाचित इथे कारण आणि परिणाम यांचीच अदलाबदल झाली असेल. हा आजार हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत शिरतो. अशा मेंदूला निकोटिनची गोडी कमी लागत असेल, तर ती माणसं सिगारेट सहज सोडून देणारच.

आता खर्चाची बाजू बघू. धुरात 7,000हून अधिक रसायनं असतात, त्यांतली किमान 70 कॅन्सर घडवू शकतात. काही थेट डीएनएला जाऊन चिकटतात आणि त्यातला मजकूर बिघडवतात. किती? रोज 20 सिगारेटी वर्षभर ओढल्या, तर फुप्फुसाच्या एकेका पेशीत सरासरी 150 बिघाड! 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी ते जनुकांमध्ये अक्षरशः मोजले.

एवढ्या पडझडीनंतर काय उरत असेल? 2020 मध्ये सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेतल्या पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. काहींमध्ये तब्बल 40 टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ निर्दोष निघाल्या, कधीच सिगारेट न ओढलेल्या माणसाच्या असाव्यात तशा! या पेशी फारशा विभागलेल्याही नव्हत्या. धुराच्या वर्षांत त्या कुठेतरी सुरक्षित राहिल्या असाव्यात आणि धूर थांबल्यावर त्यांनी जागा भरून काढली असावी.

हे आयुष्याच्या हिशेबातही उतरतं का? उतरतं. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 मध्ये डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि 34,439 पुरुष डॉक्टरांचा 50 वर्षं माग ठेवला गेला. स्वतः डॉलही त्याआधी सिगारेट ओढत. पुरावा दिसू लागला तशी त्यांनी ती सोडली. तरुणपणापासून सिगारेट ओढत राहिलेल्यांचं आयुष्य सरासरी 10 वर्षांनी कमी भरलं. पण साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे 3 वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी 6, चाळिसाव्या वर्षी 9 आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळीच.

झुरक्याचे फायदे एकेक करून तपासले की हातातून निसटतात. सोडण्याचा फायदा मात्र असा वर्षांत मोजता येतो, आणि साठी उलटली तरी तो शून्यावर येत नाही.