हुंदक्यालाही चाल असते

कांजूरमार्ग पूर्वेला आम्ही काही बायका दर महिन्याला कविता वाचायला जमतो. नियम एकच: कविता मोठ्याने म्हणायची. घरातलं माणूस गेल्याची कविता आधी कानाला कळते, अर्थ मागून येतो, असं मला मनापासून वाटतं.

गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांची ‘राजहंस माझा निजला’ घ्या. मांडीवर गेलेलं बाळ, त्याला न्यायला माणसं आलेली आणि ते झोपलंय म्हणून आई त्यांना अडवते आहे. शीर्षकातले शब्द ध्रुपदासारखे फिरून येतात. अंगाईतही एकच ओळ घोळवत बाळाला निजवतात. इथे तेच घोळवणं मरणाभोवती चालतं. आपल्याला खरं ठाऊक असतं, आईला ते पटवून घ्यायचं नसतं. ध्रुपद परतलं की दर वेळी काळजात कालवतं.

बहिणाबाई चौधरींना (1880–1951) तिशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात मुलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या कामाच्या लयीत सुचत. पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, 1952 साली. वैधव्यावरच्या त्यांच्या ओव्यांत क्रियापद लागोपाठ दोनदा येतं. म्हणून पाहा, हुंदक्यात अडतो तसा श्वास अडतो. प्रतिमाही जोडीच्याच: कुंकू गेलं तरी गोंदण पुसलं जात नाही, बांगड्या फुटल्या तरी मनगटातली धमक शाबूत असते. काय गेलं आणि काय उरलं, दोन्ही एकाच देहावर दिसतं.

आमच्यातल्या एकीने गेलेल्या नवऱ्यावर कविता आणली. विरह, अश्रू, पोकळी, सगळं होतं. तो मात्र कुठे नव्हता. मी विचारलं, “त्यांची कुठली वस्तू अजून जागची हलवली नाहीस?”

“डबा. सकाळी त्याची कडी खट् वाजली की समजायचं, निघाले लोकल गाठायला.”

“मग तेच लिही गं.”

पुढच्या खेपेला तिने चार ओळी म्हटल्या. प्रत्येकीच्या शेवटी ‘खट्’, चौथी मात्र त्याच्याआधीच थांबलेली. कुणीतरी विचारलं, “भाजी कोणती आवडायची त्यांना?” मग ती कितीतरी वेळ नवऱ्याबद्दल बोलत राहिली.

घरातल्या कुणावर लिहावंसं वाटलं, तर दुःखाला मोठे शब्द शोधत बसू नका. त्या माणसाचा घरातला आवाज आठवा, त्याच्या हातातली वस्तू आठवा. लिहिलेलं मोठ्याने म्हणा आणि जिथे गळा दाटेल, ती ओळ खोडू नका.