हौशी खेळ कोणाला परवडतो?

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात रग्बीचा विषय काढला, तर तो साता समुद्रापलीकडचा वाटेल. पण या खेळाच्या इतिहासातली सर्वांत मोठी फूट कामगारांच्या मजुरीवरूनच पडली. इंग्लंडच्या उत्तरेकडे यॉर्कशर आणि लँकेशर भागात कापडगिरण्यांत, खाणींत राबणारे अनेक खेळाडू होते. शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून देण्याची मुभा क्लबांना असावी, एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. खेळ हौशी आहे, त्यात पैशाचा संबंध नको, असे सांगून रग्बी युनियनने ती फेटाळली. शेवटी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डमध्ये जमून या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि त्यातूनच पुढे ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळ घडला. युनियनने हौशीपणाचा नियम 1995 पर्यंत जपला. ज्याला एका दुपारची मजुरी सोडणे परवडत नाही, त्याच्यासाठी तो नियम म्हणजे बंद दारच होते. हौशी क्लब रुजतो की नाही, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: ज्यांच्याजवळ मोकळा वेळ आणि मोकळी जागा नाही, त्यांना तो आत घेतो का? भिवंडीतल्या कामतघरसारख्या वस्तीत एखादा रग्बी क्लब उभा करायचा, तर सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी.

आपल्याकडचा जुना अनुभव हेच सांगतो. 1873 मध्ये कलकत्त्यात रग्बीचा क्लब निघाला. त्याची सारी भिस्त तिथल्या ब्रिटिशांवर आणि लष्करी पलटणीवर होती. पलटण हलली, सभासद पांगले आणि 1878 मध्ये क्लब गुंडाळावा लागला. शिल्लक राहिलेले चांदीचे 270 रुपये वितळवून एक करंडक घडवला गेला; नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’ आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातल्या सामन्यात दिला जातो. पैशाअभावी हा क्लब बुडाला नाही. शहरातल्या माणसांशी त्याचे नाते जुळले नव्हते, म्हणून तो बुडाला.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी आहे. 1875 मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना ब्रिटिश काळात युरोपियनांपुरताच होता. भारतातला क्रिकेटचा पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये त्याच्याच मैदानावर झाला, पण भारतीयांना तिथले सभासदत्व नव्हते. स्वातंत्र्यानंतर दारे उघडली आणि रग्बी तिथे टिकली. क्रिकेट थांबते त्या पावसाळ्यात मैदान मऊ असते आणि तोच मुंबईतला रग्बीचा मोसम झाला. तरीही जिमखान्याच्या कुंपणापलीकडे खेळ फारसा जात नव्हता. तिथे रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी सरावाकडे टक लावून पाहणाऱ्या रस्त्यावरच्या मुलांना मैदानात बोलावले. त्या ओळखीतून 1999 मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली आणि खेळाच्या आधाराने मुलांना शिक्षणाकडे नेण्याचे तिचे काम पुढे देशभर पसरले. मैदान तेच, चेंडूही तोच. बदलले ते फक्त आमंत्रण.

महिलांच्या रग्बीतही हेच दिसते. भारताचा पंधरा जणींचा संघ 2018 मध्ये सिंगापूरला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा. पुढच्याच वर्षी मनिलात या संघाने सिंगापूरला 21-19 असे हरवून पहिला विजय मिळवला. निर्णायक गुण मिळवणारी सुमित्रा नायक ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकलेली. शहरातली मुलगी आणि आदिवासी मुलगी एका संघात आल्या, तेव्हा हा विजय शक्य झाला.

कामतघरात असा क्लब काढण्यावर पहिला आक्षेप असा की, ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत कबड्डी मुरलेली असताना परका खेळ कशाला? पण पकड घेण्याचे धाडस, पाय रोवून झटका पेलणे, साथीदारांसह साखळी करणे हे कबड्डीत घोटलेले गुण रग्बीला हवेच असतात. कबड्डीचे मंडळ रग्बीचे माहेर होऊ शकते. त्यात कबड्डीचे काही जात नाही. दुसरा आक्षेप इजेचा, आणि तो गंभीर आहे. 2003 चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाने गाठले आणि डोक्याच्या इजांवरून अनेक माजी खेळाडू न्यायालयात गेले. म्हणून खांद्याच्या वर पकड घेण्यावरची बंदी काटेकोर पाळली पाहिजे आणि डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवता कामा नये. लहान मुलांना आधी धडक नसलेली ‘टच रग्बी’ शिकवावी. तिच्यात प्रतिस्पर्ध्याला नुसता हात लावून थांबवतात.

तिसरा आक्षेप जागेचा. कामतघरच्या वऱ्हाळा तलावाच्या आसपास घरे आणि कारखाने दाटलेले आहेत, पूर्ण मापाचे मैदान मिळणे कठीण आहे. पण टच रग्बी शाळेच्या पटांगणातही खेळता येते. खरी अडचण वेळेची आहे. जिथे माग बारा तासांच्या पाळीत चालतात, तिथे सरावाची वेळ पाळी बघून ठरवावी लागेल, बूट आणि प्रवासाचा खर्च क्लबने उचलावा लागेल, मुलींसाठी सुरक्षित वेळ राखावी लागेल. याला कोणी लाड म्हणेल. हडर्सफील्डच्या क्लबांनी मागितले होते ते याहून फार वेगळे नव्हते. ते नाकारण्याची किंमत इंग्लंडच्या रग्बीने दोन खेळांत दुभंगून मोजली. कामतघरात उद्या उभ्या राहणाऱ्या कोणत्याही क्लबाने ती पुन्हा मोजण्याचे कारण नाही.